शिवणीला तेल

खानापूरच्या जंगलातून सागवान भरून आमची लॉरी उतरत होती आणि मी ड्रायव्हरच्या शेजारी बसलो होतो. मागून फटाक् फटाक् असा आवाज यायला लागला. ओल्या कातड्यानं कुणी खालून फळ्यांना बडवतंय, असा. ड्रायव्हर म्हणाला, "अण्णा, घट्ट धरा," आणि त्याचा पाय ब्रेकवर गेला, एवढंच मला दिसलं. मग तोफेसारखा बार झाला. लॉरी डावीकडं झुकली, तांबडी माती काचेवर उडाली आणि ओढ्याच्या कडेला असलेल्या एका झाडावर जाऊन आम्ही टेकलो. मालाची साखळी तुटली होती. वरचा एक ओंडका सरकत आला, केबिनची मागची फळी फोडून आत घुसला आणि ड्रायव्हरच्या खांद्यावर बसला.

त्या ओंडक्यात आणि माझ्या कानात वीतभर अंतर होतं. मी लाकडाच्या वखारीत मोजणीचं काम करणारा माणूस. जन्मभर ओंडक्यांची लांबी आणि घेर मोजले, पण मोजायला मी ओंडक्याकडं जायचं असतं, ओंडक्यानं माझ्याकडं यायचं नसतं, अशीच माझी समजूत होती.

आवाज ऐकून धावत आलेल्या लोकांनी ओंडका उचलून ड्रायव्हरला खाली उतरवलं. त्याच्या खांद्याचं हाड मोडलं होतं. तो ओरडला नाही, फक्त "टायर बघा, टायर बघा" म्हणत राहिला. मी वाटेनं मागं चालत गेलो. उतारावर एक लांब काळा पट्टा पडला होता, एखाद्या मोठ्या जनावरानं कात टाकावी तसा. डाव्या बाजूच्या मागच्या टायरवर चढवलेला नवा रबराचा थर होता तो. एका कडेनं सबंध सुटलेला, आणि दुसऱ्या कडेला जुन्या टायरची लक्तरं अजून चिकटलेली. उचलायला गेलो तर बोटं काळी झाली. मला वाटलं, चिखल असेल. रुमालाला पुसली आणि विसरून गेलो.

लॉरी माझ्या धाकट्या भावाची. युद्धाचे दिवस होते. मलायाकडून येणारं रबर बंद झालं होतं आणि नवा टायर सरकारी परवान्याशिवाय मिळत नव्हता. परवान्यावर आम्हाला दोनच मिळाले. ते पुढच्या चाकांना घातले. मागच्या आसाला दोन्ही बाजूंना जोडचाकं, म्हणजे आतले दोन आणि बाहेरचे दोन असे चार टायर. हे चारही गुळगुळीत झालेले, पण धडानं शाबूत. बेळगावात एका कारखान्यात अशा टायरवर नवं रबर चढवून, साच्यात घालून भाजून देत. तिथले लोक त्याला इंग्रजी नावानं बोलवत. आम्ही सगळे 'तळ मारलेला टायर' म्हणत असू. शब्द वहाणांचा. निपाणी-अथणीकडं वहाणेचा तळ झिजला की माणूस वहाण टाकत नाही, तळ मारून घेतो. टायरलाही तोच शब्द लागला आणि कुणाला त्यात वावगं वाटलं नाही.

जंगलच्या वाटेला तळ मारलेले टायर चालतील का, यावर मोटार अड्ड्यावर दोन तट होते. लाकडाचे व्यापारी म्हणत, खुंट आणि जांभ्या दगडाची धार यांत ते टिकणार नाहीत. माझा हिशेब वेगळा होता. डांबरी सडकेवर टायर मरतो तो वेगानं आणि तापून. जंगलात लॉरी बैलाच्या चालीनं चालते, टायर तापत नाही. तिथं टायर मरतो तो कापला जाऊन. आणि खुंटानं कापायचाच असेल तर परवान्याचा नवा कशाला द्यायचा? धड शाबूत असेल तर मागच्या चाकांना तळ मारलेलाच बरा, पुढच्याला मात्र कधीच नको. भावानं माझं ऐकलं. पाऊस सोडून जवळजवळ सबंध हंगाम ते टायर उत्तम चालले.

आणि आता डाव्या बाजूचा बाहेरचा टायर असा सोलला गेला होता की जणू कधी चिकटलाच नव्हता.

ड्रायव्हर निपाणीजवळच्या खेड्यातला. लॉरीवर येण्याआधी तो माझ्या थोरल्या बहिणीच्या शेतात मोट हाकायचा. आक्काला वैधव्य आल्यावर तिनं कितीतरी वर्षं एकटीनं ते शेत केलं. मग विहीर आटली, शेत दुसऱ्याला कसायला दिलं आणि ती बेळगावात, हिंडलग्याच्या वाटेवरच्या आमच्या घरी राहायला आली. येताना दोन गोष्टी घेऊन आली. एक तिची कातड्याची मोट, जी आमच्या घरामागच्या परड्यात खुंटीला टांगलेली असे, आणि दुसरा हा मोटकरी. "बैलं ऐकत्यात त्याचं, मोटार ऐकंल," असं म्हणून तिनंच त्याला भावाकडं लावून दिलं. लॉरी खरंच त्याचं ऐकायची.

अपघातानंतर तिसऱ्या दिवशी भाऊ परड्यात उभा राहून ओरडत होता. लॉरी ओढून आणून तिथंच ठेवली होती. सुटलेला पट्टा त्याच्या पायाशी होता.

"ह्यो बघ, बोटानं दाबला तर आत जातोय! कारखान्यातनं आनला तवा नखसुद्धा लागत नव्हतं. टायर बदललाय त्यानं. आपला काळ्या बाजारात विकला आनि कुनाचातरी कुजका बसवला."

मी म्हणालो, "टायर तोच आहे. अंगावरचा नंबर मला पाठ आहे, आत्ताच पडताळला."

"मग भरधाव पळवली आसंल."

"अरे, मी शेजारी बसलो होतो. माणूस उतरून चालला असता तर आमच्या पुढं गेला असता. आणि माल मीच मोजून भरला होता."

"तू एका खेपेला हुतास, अण्णा. बाकीच्या खेपांचं काय? रोज कुठल्या दगडावरनं घालत हुता, तुला काय ठावं?"

आक्का ओसरीवर धान्य निवडत होती. ती म्हणाली, "माझ्या बैलांच्या पाठीवर त्यानं कधी चाबूक वढला न्हाय रं, धाकल्या. त्यो तुझी मोटार मारंल व्हय?"

"बैल आनि मोटार एक हाय का, आक्का?"

"मला तर एकच वाटतंय."

भाऊ तिथंच थांबला असता तर बरं होतं. पण तो तडक मोटार अड्ड्यावर गेला आणि चारचौघांत बोलून आला की माझ्या ड्रायव्हरनं टायर खाल्ले. लढाईच्या दिवसांत टायर खाणारा ड्रायव्हर म्हणजे घरफोड्याच. बेळगावापासून चिकोडीपर्यंत असा एक मालक नव्हता जो यानंतर त्याला चाकाला हात लावू देईल. ड्रायव्हर खांदा बांधून गावाकडं पडून होता. त्याला हे दुसऱ्याच कुणीतरी सांगितलं. त्यानं लॉरीची किल्ली एका सर्व्हिस मोटारवाल्याच्या, म्हणजे प्रवासी बसवाल्याच्या हाती परत पाठवली. आक्कानं किल्ली हातात घेतली, भिंतीतल्या देवळीत ठेवली आणि त्या दिवशी ती जेवली नाही.

मला स्वस्थ बसवेना. एक तर मी शेजारी बसलेला, आणि दुसरं, तळ मारलेले टायर घ्या असं सांगणाराही मीच. माझा हिशेब चुकला असेल तर चुकला म्हणायची माझी तयारी होती, पण कुठं चुकला ते कळायला हवं. मी जॅक लावून मागची उरलेली चाकं उतरवून घेतली. वखारीतली पातळ पोलादी पट्टी घेतली आणि जिथं नवं रबर जुन्या धडाला मिळतं त्या सांध्यात ती घालून बघू लागलो.

उजव्या बाजूच्या बाहेरच्या टायरला पट्टी सहज आत गेली. दोन बोटं, तीन बोटं. म्हणजे हाही सुटायच्या बेतात होता. दुसऱ्या बाजूचा आधी सुटला एवढंच. पण त्याच टायरची आतली कड, चासीकडची, घट्ट होती. मग आतले दोन्ही टायर पाहिले. चारही कडा फिरून पट्टी लावली. कुठं कागदाएवढीसुद्धा फट नाही. कारखान्यातून आणले त्या दिवसासारखे.

मी त्या टायरांपुढं उकिडवा बसलो. आतले आणि बाहेरचे एकाच दिवशी भाजलेले. एकाच आसावर, एकाच ओझ्याखाली, एकाच वाटेनं चाललेले. हाकणारा माणूस एक. त्यानं दगडावरून घातली असती तर आतल्यांनी वेगळी सडक धरली नसती. भावाचं म्हणणं तिथंच मोडलं. पण मग बाहेरच्या कडेला असं काय मिळत होतं जे आतल्याला मिळत नव्हतं? ऊन म्हणावं, तर आमची लॉरी परड्यात चिंचेखाली उभी असते. चिखल दोन्हीकडं सारखा.

मी भावाला बोलावून पट्टी दाखवली. तो थोडा नरमला, पण म्हणाला, "मग कारन सांग. कारन न्हाय तर मी अड्ड्यावर जाऊन काय बोलू? पट्टी आत गेली न्हाय म्हनून?"

कारण मला अमावास्येच्या आदल्या सकाळी कळलं.

आमच्याकडं गाडीची पूजा अमावास्येला करतात. नारळ फोडायचा, चाकाखाली लिंबू ठेवायचं. आक्का ते नेमानं करी, आणि त्याच्या आदल्या सकाळी लॉरी धुऊन पुसून ठेवी. त्या सकाळी चाकं उतरवून भिंतीला टेकवलेली होती, तरी ती पदर खोचून, वाटी आणि चिंधीचा बोळा घेऊन आली. मी म्हणालो, "आक्का, लॉरी मोडून पडली आहे. आज कशाला?"

"पडलेल्या जनावराला जास्त सेवा लागती."

ती बाहेरच्या चाकापुढं बसली. बोळा वाटीत बुडवला आणि टायरवरून फिरवला. टायर आरशासारखा चकचकीत, काळाभोर झाला. त्या चकाकीचं अड्ड्यावर कौतुक होई. 'तुमची गाडी नव्या नवरीगत दिसती' असं लोक म्हणत आणि भाऊ खूष होई. मीही हंगामभर ते पाहत होतो. मग तिनं बोळा पुन्हा बुडवला, पिळला नाही, आणि नव्या-जुन्या रबराच्या सांध्यावर दाबून धरला. तेल सांध्यात उतरेपर्यंत धरून ठेवला. मग दोन बोटं पुढं सरकून परत.

"तिथं एवढं का दाबतेस?" मी विचारलं.

"शिवण हाय न्हवं ती. मोटंला तेल पाजताना शिवणीला जास्त पाजायचं. कातडं टिकतं रं, शिवण आधी जाती."

"तेल कुठलं हे?"

"मोटारीचंच. करंजाचं तेल आता परवडतंय व्हय? इंजनातनं काढलेलं काळं तेल डबा डबा भरून पडतंय. मोटारीचं मोटारीला."

पेट्रोल कुपनावर होतं म्हणून आमची लॉरी कोळशाच्या गॅसवर चाले. पाठीला कोळशाची भट्टी जोडलेली. त्या धुरानं इंजिनातलं तेल लवकर खराब होई आणि वरचेवर बदलावं लागे. डब्यांना तोटा नव्हता.

ती सरकत सरकत चाकाची फेरी पुरी करत होती. आतल्या चाकांकडं तिनं पाहिलंही नाही. एरवी ती गाडीला जोडून असतात आणि दोन चाकांच्या फटीत तिचा हात जात नाही. जिथं तिचा हात पोचत होता तिथं तिथं टायर सुटला होता. मला त्या ओंडक्यानं बसला नव्हता एवढा धक्का बसला. रुमालाला पुसलेली ती काळी बोटं मला आठवली. तो चिखल नव्हता.

मी तिला लगेच सांगितलं नाही. आधी खात्री हवी होती. कारखान्यात जाऊन त्याच रबराच्या दोन कातरणी आणल्या, पट्टीनं मोजून सारख्या कापल्या. एक कोरड्या वाटीत ठेवली, एक काळ्या तेलात. वाट्या माझ्या खोलीच्या खिडकीत होत्या. आठवडा झाल्यावर तेलातली कातरण बाहेर काढली. ती फुगली होती, लांबीलाही आणि जाडीलाही, आणि दाबली की लोण्यासारखी दबत होती. रबराला चिकटवणारा थर असला ताण किती दिवस सोसणार?

दोन्ही तुकडे मी आक्कापुढं ठेवले आणि जसं होतं तसं सांगितलं.

ती आधी हसली. "तेल लावल्यानं कधी कुनाचं वंगाळ झालंय रं? पोराला तेल, बैलाच्या शिंगाला तेल, वहानंला तेल, मोटंला तेल."

"ते कातडं आहे, आक्का. हे नाही."

"तळ मारलाय म्हंतासा की सगळी! तळ काय रबराला मारत्यात व्हय?"

भाऊ दारात उभा होता. त्याचं तोंड उघडंच राहिलं. आक्कानं फुगलेला तुकडा उचलला, बोटात दाबला, सोडला, पुन्हा दाबला. तिच्या चेहऱ्यावरचं हसू उतरताना मी पाहिलं.

"म्हंजे त्याच्या खांद्यावर ओंडका म्या टाकला," ती म्हणाली. "आनि चोर त्यो ठरला."

"आक्का, तुला काय ठावं हुतं..." भाऊ बोलू लागला.

"सुम्ने, गप बस. मला निपाणीला नेऊन घाल."

दुसऱ्या दिवशी मी तिला घेऊन सर्व्हिस मोटारनं निपाणीला गेलो आणि तिथून चालत त्याच्या गावी. तुकडे तिनं पदराच्या गाठीत बांधले होते. ड्रायव्हर अंगणात बाजेवर बसला होता, हात गळ्यात बांधलेला. आम्हाला पाहून तो उठला आणि तोंड फिरवून उभा राहिला. त्याच्या म्हाताऱ्या आईनं पाणी दिलं. आक्कानं गाठ सोडली, तुकडे बाजेवर ठेवले आणि सगळं सांगितलं. मध्ये कुठं थांबली नाही, स्वतःला सांभाळून घेणारा एक शब्द बोलली नाही.

ड्रायव्हरच्या तोंडावरचा राग जाईल असं मला वाटलं होतं. तसं झालं नाही. त्याचं तोंड पांढरं पडलं.

"पर आक्का," तो म्हणाला, "त्ये तेल तर मीच देत हुतो की तुमास्नी. इंजनाचं तेल काढलं की तुमचा डबा आधी भरून ठेवत हुतो. आनि शिवणीला जरा जास्त लावा म्हनून मीच सांगितलंतं. मोटंची सवय!"

त्याची आई आळीपाळीनं दोघांकडं बघत होती. मग तिनं कपाळाला हात लावला.

"आगं बाई! दोघांनी मिळून मोटारीची मोट केलीसा!"

आणि ती हसायला लागली. आक्काला हसू आलं नाही, पण तिनं त्या म्हातारीचा हात धरला. ड्रायव्हर मात्र खाली बघत राहिला. "अण्णा," तो मला म्हणाला, "खांदा भरून येईल. पर अड्ड्यावर माझ्या नावाला जे लागलंय, त्ये कसं निघंल?"

घरी पोचल्यावर आक्कानं पाय धुतले आणि भावाला समोर बसवलं.

"उद्या अड्ड्यावर जायचं. जिथं उभा राहून त्याला चोर म्हनालास, तिथंच उभं राहायचं आनि खरं काय झालं ते सांगायचं."

"सांगतो. तेलानं टायर गेला म्हनून सांगतो."

"तेल कुनी लावलं म्हनून इचारतील."

भाऊ घुटमळला. "घरातल्या बाईचं नाव अड्ड्यावर काढू व्हय? सगळा बाजार हसंल."

"हसू दे. त्याचं नाव काढताना इचार केलतास? माझं काढ. 'माझ्या थोरल्या बहिनीनं लावलं' म्हन."

मी भावाबरोबर गेलो. त्यानं सांगितलं, तेच शब्द, आधी अडखळत आणि मग मोठ्यानं. लोक हसले, ते होणारच होतं. पण हसता हसता दोन मालक एकमेकांकडं बघून लगोलग आपापल्या गाड्यांकडं चालते झाले. त्यातला एक वाकून मागच्या चाकाच्या सांध्यात नख घालून बघत होता. त्याच्या गाडीचे टायरही लखलखीत होते. हे फक्त आमच्याच परड्यात चाललं नव्हतं.

आजही लोक मला विचारतात, जंगलच्या वाटेला तळ मारलेले टायर घ्यावेत का. घ्यावेत, असंच मी सांगतो. धड नीट तपासून घ्यावेत, आत हात फिरवून. मागच्या चाकांनाच घालावेत. ओझं बेताचं, चाल धीमी. दगडानं चीर पडली तर लगेच भरून घ्यावी, नाहीतर पाणी आत मुरतं. आणि पाण्याशिवाय दुसरं काही अंगाला लावू नये. शेवटचं वाक्य मी जरा मोठ्यानं सांगतो. तळ हा शब्द मी आता वापरत नाही. लोकांना ते विचित्र वाटतं.

ड्रायव्हर खांदा बरा झाल्यावर आला. फुटलेल्याच्या जागी धड शाबूत असलेला एक जुना टायर मिळवून, तोवर दोन्ही बाहेरच्या टायरांवर नवं रबर चढवून आणलं होतं. भावानं देवळीतली किल्ली आणून त्याच्यापुढं धरली. ड्रायव्हरनं ती घेतली नाही. तो आधी मागच्या चाकाशी गेला, खाली बसला आणि सांध्यावरून अंगठा फिरवत चाकाची एक फेरी पुरी केली. आक्का ओसरीच्या पायरीवर उभी होती. रिकामे हात कुठं ठेवावेत हे तिला कळत नव्हतं. त्यानं उठून अंगठा तिला लांबून दाखवला.

"कोरडं हाय, आक्का," तो म्हणाला, आणि मग त्यानं किल्ली घेतली.